वाचक विचारतात : दुकानाच्या नावाची रेकॉर्ड

गेल्या अंकात जुन्या अमेरिकी फोनोग्राफ तबकड्यांवर टिपण लिहिताना, मोठ्या दुकानांनी आणि टपालाने माल विकणाऱ्या पेढ्यांनी स्वतःच्या नावाने विकलेल्या स्वस्त रेकॉर्डींचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता. आलेली बहुतेक पत्रे नेमकी त्याच वाक्याविषयी आहेत, तेव्हा मूळ टिपणाचा विषय निवडतानाच आमची चूक झाली असावी. एकसारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्या संग्रहात ‘कॉन्करर’ या लेबलची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची एक तबकडी आहे. या कंपनीचा इतिहास कोठेही सापडत नाही. ती कधी स्थापन झाली आणि तिचा कारखाना कोठे होता?

उत्तर : तो सापडणार नाही, कारण कॉन्करर नावाची रेकॉर्ड कंपनी कधी नव्हतीच. ते शिकागोच्या सिअर्स, रोबक आणि कंपनीने आपल्या मालाला दिलेले नाव होते. सिअर्स ही टपालाने माल पाठवणारी अवाढव्य पेढी. तिची जाडजूड सूची खेडोपाडीच्या शेतकऱ्याच्या घरी जात असे, आणि नांगरापासून शिवणयंत्रापर्यंत जे हवे ते तो त्या सूचीतून मागवत असे. फोनोग्राफ यंत्र विकायचे तर त्याच्यासोबत रेकॉर्डीही विकाव्या लागणार, हे उघड होते. पण रेकॉर्डी बनवण्याच्या भानगडीत सिअर्स कधी पडली नाही. ती कारखानदाराकडे मागणी नोंदवत असे आणि त्या मालावर आपल्या नावाचा कागद चिकटवून घेत असे.

हा व्यवहार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुरू झाला. ‘हार्वर्ड’ आणि ‘ऑक्सफर्ड’ ही सिअर्सची आरंभीची लेबले. विद्यापीठांच्या नावांमुळे मालाला थोडा भारदस्तपणा येत असावा, एरवी त्या विद्यापीठांचा आणि तबकड्यांचा काही संबंध नव्हता. हार्वर्ड तबकड्या कोलंबिया ही मोठी रेकॉर्ड कंपनी बनवून देत असे. त्यानंतर ‘सिल्व्हरटोन’ आले. हे नाव सिअर्सला इतके मानवले की पुढे रेडिओ आणि गिटार यांवरही तेच झळकत राहिले. १९२०च्या दशकात ‘सुपरटोन’, सर्वांत स्वस्त ‘चॅलेंज’ आणि १९२६पासून ‘कॉन्करर’ अशी भर पडत गेली. यांतील एकाही लेबलचा कारखाना कायम ठरलेला नव्हता. एकाच सिल्व्हरटोन लेबलखाली एका वर्षी न्यू यॉर्क राज्यातील ऑल्बनीच्या फेडरल कंपनीचा माल असे, तर काही वर्षांनी इंडियानातील रिचमंडच्या स्टार पियानो कंपनीचा, म्हणजे ‘जेनेट’ रेकॉर्डी काढणाऱ्या कारखान्याचा. करार बदलला की आतला आवाज बदले आणि बाहेरचा कागद तोच राही. म्हणून दुकानाच्या लेबलावरून ती तबकडी कोणी विकली एवढेच कळते. ती कोणी बनवली हे कळायला तबकडीच वाचावी लागते. त्याविषयी पुढे एका प्रश्नात येईलच.

आपली कॉन्करर तबकडी बहुधा न्यू यॉर्कच्या प्लाझा म्युझिक कंपनीची किंवा तिच्या वारस कंपनीची असेल, कारण या लेबलचा बहुतांश माल तेथूनच येत असे.

प्रश्न : एका जुन्या तबकडीच्या मधोमध तीन इंच व्यासाचे भोक आहे. कोणी तरी ते मुद्दाम कापले असेल का? ती दुरुस्त करता येईल का?

उत्तर : कृपया दुरुस्त करू नये. ते भोक मूळचेच आहे आणि त्या तबकडीचे सारे महत्त्व त्या भोकातच आहे. आपल्याकडे शिकागोच्या ‘ॲरेटिनो’ कंपनीची तबकडी असावी. तिच्या लेबलाला जागाच न उरल्याने ते एका अरुंद कड्याएवढे झाले आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच.

यामागची क्लृप्ती अशी. शिकागोतील काही व्यापाऱ्यांनी लहान दुकानदारांसाठी एक योजना आखली होती : गिऱ्हाइकाने ठरावीक रकमेची खरेदी केली की त्याला फोनोग्राफ यंत्र जवळजवळ फुकट द्यायचे. यंत्रावर सोडलेला पैसा अर्थातच रेकॉर्डींतून परत मिळवायचा होता. पण गिऱ्हाईक रेकॉर्ड दुसरीकडून घेऊ लागले तर योजना बुडालीच. म्हणून यंत्राच्या फिरत्या चकतीवरील मधला खुंटा नेहमीपेक्षा जाड करण्यात आला. सामान्य तबकडीचे भोक पाव इंचाहून किंचितच मोठे असते, त्यामुळे ती या खुंट्यावर बसतच नसे. अशा यंत्राच्या मालकाला त्याच दुकानात मिळणाऱ्या मोठ्या भोकाच्या रेकॉर्डी घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. ‘स्टँडर्ड’ टॉकिंग मशीन कंपनीने ९/१६ इंचाचे भोक घेतले, ‘हार्मनी’ने पाऊण इंचाचे, ‘युनायटेड’ने दीड इंचाचे, आणि आर्थर ओ’नील यांच्या ॲरेटिनोने तर तीन इंचांपर्यंत मजल मारली. याच ओ’नील यांचा हात असलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या ‘बिझी बी’ तबकड्यांत भोक नेहमीचेच होते, पण शेजारी आणखी एक खाच होती आणि यंत्राच्या चकतीवर त्या खाचेत बसणारा एक उंचवटा होता. खाच नसलेली तबकडी त्या उंचवट्यावर अडून तिरपी राहत असे.

या तबकड्यांपैकी बहुतेकांवरचे संगीत मात्र कोलंबियाचे होते. कोलंबिया आपला शिल्लक किंवा जुना झालेला माल या मंडळींना देत असे. त्यात मोठे भोक पाडून वर नवा कागद डकवला जाई, आणि कधी कधी त्या कागदाखाली कोलंबियाचे मूळ लेबल जसेच्या तसे सापडते. एकाच कारखान्याचा माल एकमेकांच्या यंत्रावर चालू नये यासाठी माणसांनी किती डोके खर्च केले, याची मौज वाटते. पुढे यांतील कंपन्या शिकागोतच एका कंपनीत विलीन झाल्या आणि भोकांची ही चढाओढ संपली. १९२५ साली कोलंबियाने ‘हार्मनी’ नावाचेच एक स्वस्त लेबल काढले. त्याचा या जुन्या हार्मनीशी संबंध नाही, आणि त्याचे भोक सर्वसाधारण आकाराचे आहे.

प्रश्न : स्वतःचे नावाजलेले लेबल ७५ सेंटना विकले जात असताना मोठ्या कंपन्या तेच संगीत दुकानांना २५ किंवा ३५ सेंटना विकण्यासाठी का देत होत्या? हा स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेण्याचा प्रकार नव्हता का?

उत्तर : हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रेकॉर्डीचा खरा खर्च पहिल्या प्रतीपूर्वी होतो. गायक, वादक, ध्वनिमुद्रणाची खोली, मेणाच्या जाड चकतीवर कोरलेले मूळ मुद्रण आणि त्यावरून विद्युत्-मुलाम्याच्या पद्धतीने घडवलेले धातूचे साचे, एवढे झाले की उरते ते लाखेचा गरम गोळा दोन साच्यांत दाबण्याचे काम. दहा हजार प्रतींनंतर आणखी पाच हजार काढायच्या तर फक्त लगदा, वाफ आणि मजुरी लागते. कारखान्यातील दाबयंत्रे रिकामी उभी राहण्यापेक्षा ती सिअर्ससाठी चालवलेली केव्हाही बरी. शिवाय दुकान एकदम मोठी मागणी नोंदवते, न खपलेला माल परत करण्याची कटकट कमी, आणि जाहिरातीचा खर्च दुकानाच्या सूचीवर पडतो.

मग आपले महागडे लेबल स्वस्त मालाने मारले जाऊ नये, याची काळजी कशी घेतली जाई? येथेच वेगळ्या नावाचा उपयोग होता. भाव पाडला तो दुकानाच्या नावाचा, मुख्य लेबलाचा भाव कागदावर अबाधितच राहिला. शहरातील वाद्यांच्या दुकानात कोलंबिया किंवा व्हिक्टर घेणारे गिऱ्हाईक आणि पाच-दहा सेंटांच्या वस्तूंच्या दुकानात मंजन घेता घेता एखादी रेकॉर्ड उचलणारे गिऱ्हाईक ही दोन वेगळी माणसे आहेत, असा हिशेब होता, आणि तो बराचसा खराही ठरला.

तरीही २५ सेंटांत नफा काढायचा म्हणजे प्रत्येक सेंट मोजावा लागे. १९०९च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्याने प्रत्येक प्रतीवरील प्रत्येक गाण्यामागे दोन सेंट मानधन ठरवून दिले होते. दोन बाजूंची दोन गाणी म्हणजे चार सेंट. पाऊण डॉलरच्या तबकडीला ते जड नव्हते, पण पाव डॉलरच्या तबकडीत तो विक्रीच्या किमतीचा जवळजवळ सहावा हिस्सा होता. बॉस्टनच्या ‘ग्रे गल’ कंपनीने यावर काढलेला तोडगा तिच्या तबकड्या ऐकताना सहज कळतो : एका बाजूला सर्वांच्या ओठांवरचे गाजलेले गाणे आणि दुसऱ्या बाजूला कोणीच न ऐकलेली, कंपनीने स्वतःच लिहवून घेतलेली रचना, जिच्यावर बाहेरच्या कोणाला मानधन देणे लागत नसे. विनोद असा की या भरताडीच्या बाजूंवर वादकांना मोकळे रान मिळे. त्यामुळे आज संग्राहक बहुधा तीच बाजू आधी लावतात.

दुसरी काटकसर तंत्राची. १९२५ साली मायक्रोफोन आणि विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि जुनी कर्ण्यात गाण्याची पद्धत एका रात्रीत कालबाह्य ठरली. कोलंबियाने नवे तंत्र आपल्या मुख्य लेबलासाठी घेतले. जुनी कर्ण्याची यंत्रणा मात्र टाकून न देता तिने ती हार्मनी, ‘व्हेल्व्हेट टोन’ आणि डब्ल्यू. टी. ग्रँट दुकानांसाठीच्या ‘डिव्हा’ या स्वस्त लेबलांना कामाला लावली, आणि ती दशकाच्या अखेरीपर्यंत चालवली. नव्या पद्धतीने केलेल्या मुद्रणामागे पेटंटधारकाला द्यावी लागणारी रक्कम त्यामुळे वाचली. फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदाने ‘डिक्सी स्टॉम्पर्स’ या नावाने हार्मनीसाठी वाजवलेले जाझ म्हणूनच १९२६-२७ सालचे असूनही कर्ण्यातून आलेले आहे. एक मात्र मान्य करावे लागेल की कोलंबियाच्या तंत्रज्ञांनी या जुन्या पद्धतीतून जितके निघणे शक्य होते तितके काढले. कर्ण्यातील उत्तम मुद्रणे ऐकायची असतील, तर हार्मनीच्या तबकड्या ऐकाव्यात.

तिसरी काटकसर लगद्यात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाख हा बांधून ठेवणारा घटक असतो. बाकी भर दगडाच्या पिठीसारख्या खनिज द्रव्यांची, कापसाच्या धाग्यांची आणि काजळीची असते. लाख महाग आणि दगडाची पिठी स्वस्त. त्यामुळे जितका स्वस्त माल तितकी पिठी जास्त, आणि जितकी पिठी जास्त तितकी सुईखाली खरखर जास्त.

प्रश्न : सगळ्याच स्वस्त तबकड्यांचा आवाज वाईट असतो का?

उत्तर : नाही. माँटगोमेरी वॉर्ड या पेढीच्या १९३०च्या दशकातील तबकड्या मुख्यतः आरसीए व्हिक्टर बनवत असे आणि त्या व्हिक्टरच्याच साच्यांतून निघत. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या कंट्री संगीताच्या गायकांची मूळची व्हिक्टरची मुद्रणे या लेबलावर पुन्हा आली आहेत. चांगल्या स्थितीतली प्रत मिळाली, तर ती मूळ प्रतीला हार जाणार नाही. ग्रे गलविषयी असे म्हणवत नाही.

प्रश्न : एकच आवाज वेगवेगळ्या तबकड्यांवर वेगवेगळ्या नावांनी ऐकू येतो. ही फसवणूक होती का?

उत्तर : अंशतः होती. पण प्रत्येक खोट्या नावामागचे कारण एकच नव्हते.

टेक्सासचे गायक व्हर्नन डालहार्ट यांचेच घ्या. हे नावच मुळी घेतलेले आहे. त्यांचे खरे नाव मॅरियन ट्राय स्लॉटर, आणि व्हर्नन व डालहार्ट ही टेक्सासमधील दोन गावे. ते कोणत्याही एका कंपनीला बांधलेले नव्हते. जो बोलावेल त्याच्याकडे जाऊन ते गात, आणि प्रत्येक कंपनीला आपल्या लेबलावर काही तरी वेगळे नाव हवे असे. कोलंबियावर ते ‘अल क्रेव्हर’ झाले, हार्मनीवर ‘मॅक ॲलन’, आणि अशी त्यांची नावे शंभराच्या वर मोजली गेली आहेत. जीन ऑट्री पुढे चित्रपटांतील गाणारा काउबॉय म्हणून देशभर गाजले, पण त्यांची सुरुवातीची काही मुद्रणे जेनेटच्या ‘चॅम्पियन’ आणि सिअर्सच्या सुपरटोन लेबलांवर परक्या नावांनी निघाली. तेच ऑट्री कॉन्कररवर मात्र स्वतःच्या नावाने आले, कारण तोवर त्यांचे नावच माल खपवू लागले होते. शिकागोचे डब्ल्यूएलएस हे रेडिओ केंद्र १९२४ साली सिअर्सनेच सुरू केले होते, आणि ती तीन अक्षरे ‘जगातील सर्वांत मोठे दुकान’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होती. केंद्र पुढे दुसऱ्याच्या हाती गेले, पण ऑट्री तेथून गात राहिले, सिअर्सच्या सूचीत त्यांच्या रेकॉर्डी होत्या आणि त्यांच्या नावाची गिटारही होती. दुकानाच्या लेबलाला एखादा कलावंत इतका चिकटल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाचे प्रकरण निराळे. त्यांना अनेक कंपन्यांसाठी वाजवायचे होते, पण मूळ नाव एका कंपनीकडे अडकलेले असे. म्हणून ‘व्हूपी मेकर्स’, ‘टेन ब्लॅक बेरीज’ अशी नावे धारण करून ते स्वस्त लेबलांवर अवतरत. १९३० साली ‘हिट ऑफ द वीक’ या लेबलावर ते ‘हार्लेम हॉट चॉकलेट्स’ होते. ही रेकॉर्ड लाखेची नव्हतीच. जाड कागदावर ड्यूरियम नावाच्या राळेचा पातळ थर देऊन ती एकाच बाजूने बनवलेली असे आणि वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर दर आठवड्याला एक याप्रमाणे १५ सेंटना मिळे.

याशिवाय तिसरे कारण दुकानदारांचे. एकच मुद्रण पाच दुकानांच्या पाच लेबलांवर निघणार असेल, तर पाचही दुकानांना आपल्याकडे काही खास आहे असे दाखवता यावे म्हणून नावे फिरवली जात. पहिल्या दोन कारणांत कलावंताचीही सोय होती. या तिसऱ्यात सोय फक्त विक्रेत्याची होती, म्हणून यालाच मी फसवणूक म्हणेन.

प्रश्न : १९२०नंतर अशा लेबलांचे एकाएकी पीक आले, ते का?

उत्तर : कारण कायद्याचे कुंपण कोसळले. सपाट तबकडीचे जनक एमिल बर्लिनर यांच्या तबकडीवरील मुख्य पेटंटाची मुदत १९१२ साली संपली, पण आडव्या नागमोडी कोराच्या (कोर म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती खाच) पद्धतीवर व्हिक्टर कंपनी आणखी एका पेटंटाच्या आधारे हक्क सांगत राहिली. त्यामुळे बाकीच्या कंपन्यांना खाली-वर खोल होणारा उभा कोर वापरावा लागे, आणि अशी तबकडी व्हिक्टर किंवा कोलंबियाच्या यंत्रावर नीट वाजत नसे. स्टार पियानो कंपनीने १९१९पासून जेनेट तबकड्यांत आडवा कोर वापरायला सुरुवात केली तेव्हा व्हिक्टरने तिला न्यायालयात खेचले, आणि तेथे व्हिक्टर हरली. १९२२पर्यंत ही वाट सर्वांना मोकळी झाली.

त्यापूर्वी स्वस्त तबकडीचा बाजार अगदीच नव्हता असे नाही. १९१४ साली निघालेली ‘लिटल वंडर’ साडेपाच इंचांची, एकाच बाजूची आणि दहा सेंटांची होती. तिच्यावर गायकाचे नावही नसे, पण ती हातोहात खपली. बनवणारी कंपनी पुन्हा कोलंबियाच. १९२२नंतर मात्र पूर्ण आकाराच्या, दोन बाजूंच्या आणि कोणत्याही यंत्रावर चालणाऱ्या स्वस्त तबकड्यांचा लोंढा आला. न्यू यॉर्कच्या प्लाझा कंपनीने ‘बॅनर’ काढले, मॅक्रोरी दुकानांसाठी ‘ओरिओल’ बनवले, शिकागोच्या एका टपाली पेढीसाठी ‘होमस्टेड’ दिले. कॅमिओ कंपनीने क्रेस दुकानांसाठी ‘रोमिओ’ काढले. ग्रे गलचे ‘मॅडिसन’ वुलवर्थच्या दुकानांत गेले. विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीच्या पॅरामाउंट विभागाचे ‘ब्रॉडवे’ माँटगोमेरी वॉर्डच्या सूचीत आले.

१९२९च्या उन्हाळ्यात प्लाझाचा रेकॉर्ड-व्यवसाय, कॅमिओ, पाथे या फ्रेंच रेकॉर्ड कंपनीची अमेरिकी शाखा आणि स्क्रँटन बटन कंपनी यांची मिळून अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशन झाली. बटनांची कंपनी यात कशी, असे वाटू शकेल. तबकडीचा लगदा आणि बटनाचा लगदा एकाच जातीचे असतात आणि दोन्ही गरम साच्यात दाबूनच तयार होतात. बर्लिनर यांनीही १८९५च्या सुमारास कठीण रबर सोडून लाखेचा लगदा घेतला, तो नेवार्कच्या एका बटन कारखान्याकडूनच. स्क्रँटनचा कारखाना वर्षानुवर्षे इतरांच्या रेकॉर्डी दाबून देत होता, एवढेच.

एकत्रीकरणानंतर दोन-तीन महिन्यांत शेअर बाजार कोसळला. १९२१ साली सुमारे १० कोटी ६० लाख डॉलरची असलेली अमेरिकेतील रेकॉर्ड-विक्री १९३३ साली साडेपंचावन्न लाखांच्या आसपास आली. अशा काळात ७५ सेंटची तबकडी घेणार कोण? पण पाव डॉलरची तबकडी थोडीफार खपत राहिली, आणि एकच साचा बॅनर, ओरिओल, रोमिओ, परफेक्ट आणि कॉन्करर अशा अनेक नावांनी चालवण्यात या नव्या कंपनीचा हातखंडा होता. व्हिक्टरसारखी मानी कंपनीही खाली उतरली. १९३२ साली तिने वुलवर्थच्या दुकानांत आठ इंचांच्या, दहा सेंट किमतीच्या तबकड्या विकून पाहिल्या, आणि त्यातून ३५ सेंटचे ‘ब्लूबर्ड’ उभे राहिले. १९३४ साली अमेरिकेत आलेल्या डेक्का कंपनीने तर मोठ्या नावांचे गायकच ३५ सेंटना विकले, आणि स्वस्त माल म्हणजे अनामिक गायक हे समीकरण त्यामुळे मोडले.

याच वर्षी, ज्या कोलंबियाने तीस वर्षे दुकानांना लेबले बनवून दिली होती, ती दिवाळखोरीतून निघताना अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशनने सुमारे सत्तर हजार डॉलरला विकत घेतली. पाच-दहा सेंटांच्या दुकानांवर पोसलेली कंपनी मालक झाली आणि जुना सावकार तिच्या दारी आला. चार वर्षांनी, डिसेंबर १९३८मध्ये, सीबीएस या रेडिओ कंपनीने हा सगळा पसारा सात लाख डॉलरला घेतला आणि सर्वांवर पुन्हा कोलंबियाचे नाव लावले. स्वस्त लेबले बंद झाली, फक्त सिअर्सचे कॉन्करर तेवढे चालू राहिले, आणि आता ते कोलंबिया बनवू लागली. युद्धकाळात १९४२च्या एप्रिलमध्ये लाखेच्या वापरावर कडक निर्बंध आले, ऑगस्टमध्ये वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, आणि त्याच वर्षी कॉन्करर संपले.

प्रश्न : मागील टिपणात आपण ‘ओरिओल’ हे ब्रिटिश लेबल म्हटले होते. माझ्याकडील ओरिओल तबकडी अमेरिकेत बनलेली आहे. आपली चूक झाली का?

उत्तर : अर्धी झाली. ओरिओल दोन होती. मॅक्रोरी दुकानांचे अमेरिकी ओरिओल १९२१ ते १९३८ या काळातले. लंडनच्या लेव्ही कुटुंबाचे ब्रिटिश ओरिओल स्वतंत्र होते, आणि आम्ही फक्त त्याच्याविषयी लिहिले. योगायोगाने तेही दुकानाच्या धंद्यात शिरले. १९५४ ते १९६५ या काळात ब्रिटनच्या वुलवर्थ दुकानांत मिळणारे ‘एम्बसी’ हे लेबल ब्रिटिश ओरिओलच बनवत असे. त्यात गाजत असलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून चटकन गाऊन घेतलेली असत, आणि एका तबकडीच्या दोन बाजूंना दोन लोकप्रिय गाणी मिळत. मूळ रेकॉर्डी घ्यायच्या तर दोन घ्याव्या लागल्या असत्या.

ब्रिटनच्या वुलवर्थचा विषय निघालाच आहे, तर त्याआधीचे एक सांगतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्या दुकानांत सहा पेन्सांहून महाग वस्तू ठेवायची नाही, असा नियम होता. सहा पेन्सांत दहा इंचांची तबकडी परवडेना, म्हणून क्रिस्टलेट कंपनीने तबकडीच लहान केली : आधी सात इंचांची ‘व्हिक्टरी’, १९३१पासून आठ इंचांची ‘एक्लिप्स’ आणि १९३५पासून नऊ इंचांची ‘क्राउन’. किंमत जागची हलली नाही आणि तबकडी इंचाइंचाने वाढत गेली.

प्रश्न : लेबलावरून कळत नसेल, तर तबकडी मूळ कोणी आणि केव्हा बनवली हे ओळखायचे कसे?

उत्तर : कोर संपतात आणि लेबल सुरू होते, त्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर तिरपा उजेड पाडून पाहावे. साच्यातच कोरलेला एक क्रमांक तेथे बहुधा दिसतो. कधी तो लेबलाच्या कागदाखाली दबलेला असतो आणि बोट फिरवल्यावर जाणवतो. हा मॅट्रिक्स क्रमांक मुद्रणाचा असतो, त्यामुळे लेबल बदलले, गायकाचे नाव बदलले तरी तो सहसा बदलत नाही. सिअर्सच्या सुपरटोन तबकडीवर या क्रमांकाआधी जी आणि ई ही रोमन अक्षरे आढळली, तर ते जेनेटचे विजेवर केलेले मुद्रण समजावे. दोन वेगळ्या लेबलांवर आणि दोन वेगळ्या नावांनी तोच क्रमांक आढळला, तर मुद्रण एकच आहे. मात्र क्रमांकाच्या शेवटी जोडलेला छोटा आकडाही पाहावा, कारण तो त्या गाण्याचा कितवा प्रयत्न वापरला ते सांगतो. प्लाझाच्या तबकड्यांत एकाच गाण्याचे वेगवेगळे प्रयत्न वेगवेगळ्या लेबलांवर गेलेले आहेत, आणि तेथे दोन्ही तबकड्या ठेवण्यासारख्या असतात.

अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशनच्या १९३५च्या अखेरीनंतरच्या स्वस्त तबकड्यांनी तर काम फारच सोपे केले आहे. लेबलावरील क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा, पुढचे दोन महिन्याचे. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांच्या पहिल्या तबकड्यांपैकी एक व्होकॅलियन या लेबलाबरोबरच परफेक्ट, ओरिओल आणि रोमिओ या लेबलांवरही निघाली. तिचा क्रमांक ७-०३-५६, म्हणजे १९३७चा मार्च. कॉन्करर लेबलाला मात्र ही पद्धत लावलेली नाही, त्यामुळे पहिल्या प्रश्नातील वाचकांना तिरपा उजेड पाडूनच पाहावे लागेल.